आत्याची पाणविजार

माझी आत्या एकतीस वर्षं कापडाला पडलेली भोकं बुजवत आली आहे. तंबू, छत्र्या, रेनकोट, डोंगरात न्यायच्या पिशव्या, स्कूटरवरची आच्छादनं. पाणी अडवायला म्हणून शिवलेलं आणि एक दिवस अडवेनासं झालेलं जे काही असेल, ते शेवटी तिच्या टेबलावर येतं. दुकान पुलाच्या अलीकडे, तळमजल्यावर. वरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहतो. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे "आमच्या घरात दोन्ही जातीच्या सुया आहेत," असं ती प्रत्येक पाहुण्याला सांगते आणि पाहुणा हसायच्या आत स्वतःच हसून घेते.

दुकान म्हणजे एक लांबुळकी खोली. दाराशी टेबल, मधे जाड कापड शिवायचं काळं मशीन, त्याच्यामागे चिकटपट्ट्यांची रिळं, स्पिरिटची बाटली, तीन इस्त्र्या. मागच्या भिंतीशी जस्ताचा टब. आणि छताखालून गेलेल्या लोखंडी पाइपवर ओळीनं उलट्या टांगलेल्या पाणविजारी. पहिल्यांदा आत येणाऱ्याला क्षणभर वाटतं, डोकं खाली पाय वर करून पाचसहा माणसं कसली तरी शिक्षा भोगताहेत.

पाणविजार हा शब्द आत्याचा. नदीत उतरून गळानं मासे धरणारे लोक तिला वेडर म्हणतात. पायमोज्यांपासून छातीपर्यंत सगळं एकसंध, खांद्यांवर पट्टे, कमरेला पट्टा. ती घालायची, कमरेएवढ्या पाण्यात तासन्‌तास उभं राहायचं आणि आत कोरडं राहायचं. पूर्वी त्या रबराच्या यायच्या. रबरातून बाहेरचं पाणी आत येत नसे हे खरं, पण आतला घामही बाहेर जात नसे. "म्हणजे माणूस नदीत भिजण्यापासून वाचायचा आणि स्वतःच्या घामात भिजायचा," असं आत्या म्हणते. आता कापड असं येतं की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर निघून जाते. दोन कापडांच्या मधे कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक पातळ पडदा असतो, सगळी करामत त्याची.

गंमत अशी की एवढ्या पाणविजारी दुरुस्त करून आत्यानं नदीत कधी पायही घातला नव्हता. भीती नव्हती, पण कारणही नव्हतं. नदी दुकानापासून दोनशे पावलांवर होती आणि आत्या तिला पुलावरून बघायची, भाजी आणायला जाताना. तरीही नदीबद्दल तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं गावातल्या कुठल्याही मासेवाल्याला नसेल. कुणी विजार टेबलावर टाकली की ती उलटी करायची, शटर ओढून आत बॅटरी लावायची, कुठून कुठून उजेड येतो ते बघायची आणि म्हणायची, "काटेरी झुडपांतून उतरलात वाटतं? दोन झाडं पडलीत तिकडून?"

गिऱ्हाईक चपापायचं. कारण गळवाल्यांची जात मोठी संशयी. आपली जागा कुणी सख्ख्या भावाला सांगत नाही. आमच्या कोपऱ्यावरचा न्हावी आणि समोरचे वकील यांची वीस वर्षांची दोस्ती, पण दोघं मासे धरायला मुद्दाम वेगवेगळ्या वाटेनं निघायचे. आत्याला त्यांच्या विजारींवरच्या खरचटण्यावरून केव्हाच कळलं होतं, की दोघांची "गुप्त" जागा एकच आहे. एक बुधवारी जातो, दुसरा रविवारी. तिनं हे कुणालाही सांगितलं नाही. मला सांगितलं, पण मी घरचीच.

तर असं सगळं चाललेलं असताना एका दुपारी गणिताच्या बाई दुकानात आल्या.

गणिताच्या बाईंनी मलाही शिकवलंय. उंचीनं माझ्या खांद्याला लागतील न लागतील, अंगानं चौरस, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्याच्या दोन वर्षं आधी त्या निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात गळाची काठी घेऊन नदीवर दिसू लागल्या. कुणी म्हणालं, हे काय नवीन? तर म्हणाल्या, "चाळीस वर्षं वर्गात गप्प बसा म्हणत होते, आता स्वतः गप्प उभं राहून बघतेय."

त्यांनी टेबलावर एक ओलं बोचकं ठेवलं. "ही तिसरी. दोन वर्षांत तीन. पहिली स्वस्त होती, तिला मी दोष दिला. दुसरी महाग होती, नशिबाला दोष दिला. आता मला एवढंच सांगा, टिकणारी कुठली घेऊ?"

आत्यानं बोचकं उलगडलं. विजार उलटी केली, बोळ्यानं स्पिरिट फिरवलं. जिथं जिथं पडदा फाटला होता तिथं काळे ठिपके उमटले. तळव्याला एकही नाही. गुडघ्यावर नाही. सगळे ठिपके पोटऱ्यांच्या आतल्या बाजूला, दोन्ही पायांवर, अगदी समोरासमोर.

"सममित आहेत," बाई म्हणाल्या.

"ते काय असतं ते तुम्हाला माहीत. घालून दाखवा."

"फाटकी?"

"फाटकीच."

बाईंनी ती तिथंच कपड्यांवरून चढवली. कमरेला नीट बसली, छातीला नीट बसली, आणि खाली पायांत कापडाच्या वळ्यांवर वळ्या, बाजाच्या पेटीचा भाता मिटावा तशा.

"आता चाला. दारापर्यंत आणि परत."

बाई चालल्या. फस्‌ फस्‌ फस्‌ फस्‌.

"ऐकू आलं?" आत्यानं विचारलं.

"काय?"

"तुमची विजार स्वतःलाच खातेय. एका पायाची वळी दुसऱ्या पायाच्या वळीवर घासते. त्यात वाळू गेली की पॉलिश पेपरच. कापड कितीही भारी आणा, सहा महिन्यांत हीच गत होणार. ह्या उंच पुरुषांच्या मापाच्या आहेत, बाई. कमरेसाठी तुम्ही मोठं माप घेता आणि पाय वीतभर जास्त येतात."

बाई टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि इतक्या जोरात हसल्या की समोरचे वकील खिडकीत आले. "चाळीस वर्षं मी पोरांना सांगत आले, उत्तर चुकलं तर आधी दिलेली माहिती तपासा! आणि मी बाई कापड तपासत बसले. माप तपासलंच नाही!"

मग त्यांनी आत्याला गळच घातली. "तुम्ही माझ्याबरोबर दुकानात चला. शनिवारी. नाही म्हणायचं नाही."

"मी कशाला? मी फाटलेलं बघते. नवं मला काय कळतं?"

"फाटलेलं बघणाऱ्यालाच नवं कळतं," बाई म्हणाल्या. शिक्षकांपुढे आत्याचं कधी काही चालत नाही. तिची शाळा आठवीत सुटली, तेव्हापासून तिला शिक्षक म्हटलं की उभंच राहावंसं वाटतं.

शनिवारी मला सुट्टी होती, मीही गेले. असली मजा कोण सोडणार?

दुकान बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. दाराशी तंबू, आत गळाच्या काठ्यांचं जंगल, आणि मागच्या भिंतीला आठदहा पाणविजारी. काउंटरशेजारी लाकडी पुतळा, सडपातळ आणि उंच, त्यालाही एक विजार चढवलेली. दुकानदार गोलमटोल, गोड बोलणारा.

"या या! कुणासाठी बघायचीय? साहेबांसाठी?"

"साहेब मीच," बाई म्हणाल्या.

त्यानं लगेच सगळ्यात वरची काढली. चकचकीत हिरवी, पाच खिसे, छातीवर चेन, आत मोबाइल ठेवायला पिशवी. "ही घ्या. आमची सगळ्यात वरची. श्वास घेणारं कापड. सोळा वर्षं विकतोय, एक तक्रार नाही."

आत्यानं ती हातात घेतली आणि सवयीनं सटकन उलटी केली. दुकानदाराच्या चेहऱ्यावर, पाहुण्यानं येताक्षणी आपलं कपाट उघडावं तसा भाव आला.

"अहो ताई, ती बाहेरून बघायची असते."

"बाहेरून मासे बघतील," आत्या म्हणाली. "ही शिवण बघा. मांडीच्या आतून, दोन्ही पायांत, वरपासून खालपर्यंत. चालताना नेमकी तीच घासणार. माझ्याकडे दहा येतात त्यातल्या सहा इथंच उसवलेल्या असतात. दुसरी दाखवा."

दुसरी आली, तिसरी आली. आत्या प्रत्येकीची शिवण बोटांनी चाचपत गेली, आंधळ्या माणसानं ओळखीचा चेहरा चाचपावा तशी. एक राखाडी, साधी, एकाच खिशाची विजार कोपऱ्यात होती. तिची शिवण पायाच्या पुढून आणि मागून गेली होती, आतून नाही. गुडघ्यापासून खाली कापड दुहेरी जाड, वर मांडीला हलकं. शिवणीवरची पट्टी एका रुंदीची, कुठंही फुगलेली नाही.

"हिला कोपऱ्यात का ठेवलीत?"

"दिसायला काही नाही ना हिच्यात. कुणी मागत नाही." दुकानदार आता जरा घुश्शात होता. "पण ताई, शिवणीचं मान्य. श्वासाचं काय? श्वास तर ही हिरवी जास्त घेते. चिठ्ठीवर लिहिलंय."

आत्यानं चिठ्ठी वाचली, खाली ठेवली. "चहा मिळेल का?"

"चहा? हो, मागवतो की."

"तीन मग. अगदी उकळता. आणि दोन काचेचे कोरडे पेले. आणि रबरबँड."

चहा आला. आत्यानं हिरव्या विजारीचा छातीकडचा काठ एका मगावर ताणून रबरबँडनं बांधला, राखाडीचा दुसऱ्या मगावर. दोन्हींवर काचेचे पेले उपडे घातले. तिसरा मग तिनं स्वतःपुढे ओढला आणि फुंकर घालून प्यायला सुरुवात केली.

"आणि आता?" दुकानदारानं विचारलं.

"आता थांबायचं."

आम्ही चौघं दोन उपड्या पेल्यांकडे बघत उभे राहिलो. एक गिऱ्हाईक दोरी घ्यायला आलं, तेही थांबलं. पाचसात मिनिटांनी बाई ओरडल्या, "हे बघा! हे बघा!" राखाडीवरचा पेला आतून धुकट झाला होता. मग त्यावर बारीक दव जमलं आणि एक थेंब काचेवरून घसरला. हिरवीवरचा पेला लखलखीत कोरडा.

"चहाची वाफ इकडून आली," आत्या राखाडीवर बोट ठेवत म्हणाली, "तसाच घाम जाणार. तिकडून वाफ गेली नाही, तर घाम कसा जाईल? हे नुसतं लेप दिलेलं कापड आहे. नाव सोनुबाई."

"हाती कथलाचा वाळा," दोरीवाल्या गिऱ्हाइकानं वाक्य पुरं केलं.

मला वाटलं आता दुकानदार चिडणार. पण त्यानं हिरवीवरचा पेला उचलला, आतून बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि स्टुलावर बसला. "सोळा वर्षं," तो म्हणाला. "सोळा वर्षं मी चिठ्ठी वाचून विकतोय हो." आणि तो हसायला लागला. "मीसुद्धा एक हिरवी घालतो! दरवेळी चिंब होऊन घरी येतो. बायको म्हणते फाटली असेल, मी म्हणतो नाही, नदीच जास्त ओली आहे!"

यानंतर तो माणूस आमच्याच बाजूचा झाला. बाईंना राखाडी घालायला दिली आणि आत्यानं त्यांची कसरत घेतली. उकिडवं बसा. उठा. आता एक पाय ह्या स्टुलावर. दुसरा. हात वर. बसताना शिवण ताणली तर पाण्यात ती फाटणारच, असं तिचं म्हणणं. मग खालचे मोजे तपासले, त्यांवरून घालायचे बूट एक नंबर मोठे निवडले, आणि कमरेचा पट्टा ओढून बघितला. "हा विसरायचा नाही. पडलात तर हाच पाणी वर अडवतो. घट्ट बांधायचा, फुशारक्या मारायच्या नाहीत."

सगळं जमलं. फक्त पाय वीतभर लांब.

"ह्याला काय करायचं?" बाईंनी विचारलं.

दुकानदारानं हात वर केले. "बायकांच्या मापाची एकच येते, ती ह्या पुतळ्याच्या अंगावर आहे. पण ती उंच बाईची."

आत्यानं राखाडीच्या मांडीचं कापड दोन बोटांत दुमडून बघितलं. पाणी अडवणाऱ्या कापडात सुईचा प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. फाटलेलं बुजवणं निराळं आणि धडधाकट नव्या विजारीला कात्री लावणं निराळं. शेवटी ती म्हणाली, "ह्या हलक्या कापडातून, मांडीपाशी, वीतभर पट्टी काढून परत जोडता येईल. मी कधी केलेलं नाही. आधी तुमच्या फाटकीवर करून बघते. तिला काय, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही."

पुढचे दोन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. बाई रोज चारला यायच्या. आत्यानं फाटकीची भोकं बुजवली, मग तिचे पाय कापले, जोडले, शिवणीवर पट्टी इस्त्रीनं दाबली आणि एक पाय पाइपला टांगून त्यात बादलीभर पाणी ओतलं. बाई खाली स्टुलावर बसून, मान वर करून निरीक्षण करत होत्या. "अजून थेंब नाही... अजून नाही... ताई, तुम्ही तर..." आणि जोड एका बाजूनं सुटला. अख्खी बादली बाईंच्या डोक्यावर.

आत्याला घाम फुटला. शिक्षिकेला न्हाऊ घातलं! टॉवेल घेऊन ती धावली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "पद्धत बरोबर आहे. एका पायरीत चूक आहे. इस्त्री कमी तापली होती का?"

इस्त्रीच कमी तापली होती. दुसऱ्यांदा जास्त तापली, कापड आक्रसलं. तिसऱ्यांदा मधे सुती फडकं घालून, घाई न करता, बोटभर बोटभर दाबत नेलं. दोन दिवस नुसतं टांगून ठेवलं. मग पाणी ओतलं, खाली वर्तमानपत्र पसरलं, आणि यावेळी बाई जरा लांब बसल्या. तासभर गेला. आत्या गुडघ्यांवर बसून कागदाला गाल लावून बघून आली. कोरडा. आणखी एक तास. बाईंनी तोवर त्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं उलट्या बाजूनं वाचून सोडवलं. कोरडा.

मगच राखाडीला कात्री लागली. त्या सकाळी आत्या चहा न घेताच खाली दुकानात गेली. संध्याकाळी ती वर आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "झाली." बस्स. पण जेवताना गुणगुणत होती, आणि आत्या सहसा गुणगुणत नाही.

बाईंनी विजार घातली. पायांत एक वळी नाही. दारापर्यंत गेल्या, परत आल्या. आवाज नाही. मांजरासारख्या.

"आता नदीवर," बाई म्हणाल्या. "तुम्हीही."

"मी काठावरून बघेन."

"रोगी कधी डोळ्यांनी न बघता औषध देणारा डॉक्टर पाहिलाय? एवढ्या वर्षांत तुम्ही पाणी नुसतं टबात बघितलंत."

"पण माझ्याकडे कुठं पाणविजार आहे? सगळ्या लोकांच्या आहेत."

तेवढ्यात, अगदी ठरवून आल्यासारखा, तो दुकानदार दारात उभा राहिला. बाईंनी ठरवूनच बोलावलं होतं हे मला नंतर कळलं. त्याच्या खांद्यावर पुतळ्याची विजार होती. "ताई, तुम्ही आमच्याकडे चहा पीत उभ्या होतात तेव्हाच मला वाटलं होतं. तुम्ही आणि आमचा पुतळा एका मापाचे."

आत्या काटकुळी आणि उंच. विजार तिला अशी बसली, जणू अंगावर मोजून बेतलेली. तिनं अर्थातच आधी ती उलटी करून अर्धा तास तपासली, शिवण पास केली, आणि पैसे देऊन विकत घेतली. फुकट घ्यायला ती तयार नव्हती. "फुकटच्या विजारीत बुडाले तर बोलता पण येणार नाही," म्हणाली.

गुरुवारी सणाची सुट्टी होती, सकाळी आम्ही निघालो. हवा स्वच्छ, पाणी हिरवट, तळाचे गोटे दिसतील इतकं नितळ. बाई सराईतपणे उतरल्या. आत्या काठावर उभी राहून पट्टा तिसऱ्यांदा आवळत होती.

"अहो या! पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही."

"मला पोहायचं नाहीये, उभं राहायचंय!"

मग तिनं एक पाय टाकला. दुसरा. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. मी काठावरून तिचा चेहरा बघत होते. पाणी मांडीला आलं तेव्हा तिचे डोळे मोठे झाले. पाण्यानं कापड चारी बाजूंनी तिच्या पायांवर दाबून बसवलं होतं. ही गोष्ट तिला कधी कुणी सांगितलीच नव्हती.

"अगं, पकडतंय!" ती माझ्याकडे बघून ओरडली. "सगळीकडून पकडतंय! गार लागतंय आणि भिजत नाही!" तिनं छातीकडून विजारीत हात घातला, जाईल तितका खाली नेला आणि पुन्हा वर काढला. "कोरडी! कोरडी आहे!"

"हळू!" खालच्या वळणावरून कुणीतरी दबक्या आवाजात ओरडलं. "मासे पळाले सगळे!"

झुडपाआडून न्हाव्याचं डोकं वर आलं. आत्याला बघून तो इतका दचकला की काठी हातातून सुटली. "ताई? तुम्ही नदीत?"

"मीच! आणि हीच का हो तुमची..." तिनं जीभ चावली, कारण तेवढ्यात वरच्या बाजूनं वकील येताना दिसले. सणाची सुट्टी बघून तेही आज आलेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग त्या जागेकडे, मग पुन्हा एकमेकांकडे. वीस वर्षांचं गुपित त्या क्षणी फुटलं, आणि आत्यानं एक शब्दही न बोलता. मग वकील म्हणाले, "रविवारी मला इथं मासे का मिळत नाहीत हे आज कळलं," आणि न्हावी म्हणाला, "म्हणजे रविवारी तुम्ही संपवता होय!" आणि दोघं काठावर बसून डबा उघडून खायला लागले, एकाच डब्यातून.

आत्या तोपर्यंत पुढे सरकली होती. तळाकडे बघत, एकेक पाऊल चाचपत, "इथं गुळगुळीत आहे, इथं धारदार, इथं नक्की सरकणार," असं स्वतःशी बोलत. आणि सरकलीच. दोन्ही हात वर गेले आणि ती छातीएवढ्या पाण्यात बसली. बाई वळल्या, तिला धरायला गेल्या आणि स्वतःही तिच्या शेजारी बसल्या.

मी किंचाळले. पण दोघी एकमेकींना धरून उठल्या, आणि उठल्या त्या हसतच. इतक्या हसत होत्या की पुन्हा पडतात की काय वाटावं.

"पट्टा!" आत्या धापा टाकत म्हणाली. "बाई, पट्ट्यानं अडवलं! कमरेच्या खाली थेंब नाही!"

"माझ्या जोडातून पण नाही!" बाई म्हणाल्या. "अगं, तुझ्या जोडातून एक थेंब नाही!"

त्या क्षणापासून दोघींचं अहो-जाहो संपलं. आत्याला अजून कधीकधी अवघड जातं. ती "अगं बाई" म्हणते, त्यात दोन्ही भागतं.

ओल्या बाह्या पिळून काढल्यावर बाईंनी काठी तिच्या हातात दिली. मनगट कसं ठेवायचं, दोरी कोणत्या कोनात सोडायची, सगळं समजावलं. आत्याचा गळ पहिल्यांदा झुडपात अडकला, दुसऱ्यांदा तिच्याच टोपीत. पण सुईत दोरा ओवणारा हात होता तो. दहाव्या-बाराव्या वेळी दोरी सरळ गेली, पाण्यावर हलकेच टेकली, आणि थोड्या वेळानं थरथरली. तिनं हळूहळू ओढलं. तळहाताएवढा मासा निघाला, पाठ करडी, पोट चांदीचं.

बाईंनी ओल्या हातांनी गळ सोडवून तो तिच्या ओंजळीत दिला. आत्यानं तो डोळ्यांजवळ धरला, सवयीनं उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "कुठंही शिवण नाही गं!" ती अगदी खऱ्या आश्चर्यानं म्हणाली. मग त्याला पाण्यात सोडून दिलं आणि तो दिसेनासा होईपर्यंत वाकून बघत राहिली.

त्याला आता दीड वर्ष झालं. गुरुवारी आत्याचं दुकान बंद असतं. लोकांनी थोडी कुरकुर केली, मग सवय झाली. बाजारातला दुकानदार चहाचे मग आणि पेले काउंटरवरच ठेवतो, गिऱ्हाइकासमोर वाफ दाखवून विकतो. हिरव्या विजारी त्यानं कंपनीकडे परत धाडल्या. पाय लांब पडणारी सगळी गिऱ्हाइकं तो आत्याकडे पाठवतो. त्यात बायकाच जास्त. एक दाई आहे, एक बस चालवते, एक बँकेतून निवृत्त. आत्या माप घेते, कापते, जोडते, टांगते, आणि विजार नेताना प्रत्येकीला ताकीद देते: घरी गेल्यावर उलटी करून सावलीत वाळवायची, ओली घडी करायची नाही, अधूनमधून साध्या साबणानं धुवायची, नाहीतर मळानं कापडाचा श्वास कोंडतो. आणि माप न बघता नवी घ्यायला गेलात तर माझ्याकडे रडत येऊ नका.

गेल्या महिन्यात ती आणि बाई तीन दिवसांसाठी वरच्या खोऱ्यात गेल्या, नदी जिथं अरुंद होऊन खडकांतून उतरते तिथं. एकतीस वर्षांत आत्यानं घेतलेली पहिली मोठी सुट्टी. जाताना दहा वेळा सांगून गेली, गॅस बंद कर, मशीनवर कापड घाल, कुणी आलं तर सोमवारी या म्हण.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावर असताना फोन आला. मागे पाण्याचा मोठा आवाज येत होता आणि त्या आवाजावर आत्या ओरडत होती.

"ऐकतेस ना? आम्ही आणखी दोन दिवस राहतोय! बाईला मोठा लागलाय, एवढा, तुला हात दिसत नाहीत पण एवढा! दुकान उघडू नकोस!"

"बरं," मी म्हणाले. "आणि तू? कोरडी आहेस ना?"

"कसली कोरडी! वरून पाऊस पडतोय, टोपीतून पाणी गळतंय, नाक गार पडलंय," आत्या म्हणाली, "आणि काय मजा येतेय म्हणून सांगू!"